बिनधुळीचा काप

त्यांच्या घरात केरसुणी नव्हती. शिक्रापुरात मी त्यांच्या माडीवरची खोली बघायला गेले, तेव्हा भाड्याचं, पाण्याचं, गेट किती वाजता बंद होतं याचं काही बोलायच्या आधी त्यांनी मला सांगितलं, "मॅडम, हितं झाडायचं न्हाई. पुसायचं. वल्ल्या फडक्यानं. जमंल का?"

मी जमेल म्हणाले. दोन दिवस खोल्या बघून पाय दुखत होते आणि कंपनीची बस बरोबर त्या गल्लीच्या तोंडाशी थांबायची. एवढ्यासाठी मी छतसुद्धा पुसून दिलं असतं.

सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणायची. मीही म्हणू लागले. वय साठीच्या आसपास, अंगानं काटक, आणि चेहऱ्यावर एक केस नाही. डोकं तुळतुळीत, मिशी काढलेली, भुवयासुद्धा वस्तऱ्यानं उतरवलेल्या. केसांत भुसा बसतो आणि माणसाबरोबर घरात येतो, असं त्यांचं म्हणणं. आमच्या भागात मिशी काढलेला बाप्या दिसला की लोक हळूच विचारतात, "कोण गेलं?" आप्पांना चौकात, दुकानात, बँकेत कुणी ना कुणी विचारायचंच. आप्पा मान वर न करता म्हणायचे, "अजून कोण न्हाई."

पहिल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला पंचाईत झाली. त्या दिवशी नवी केरसुणी आणून हळदकुंकू वाहायचं असतं. आप्पांची बायको, माई, त्यांनी शेजारच्या बाईकडून एक केरसुणी गुपचूप आणवली, पूजा उरकली आणि आप्पा अंघोळीला गेलेले असतानाच ती खिडकीतून परत दिली. मला डोळा घालून म्हणाल्या, "लक्ष्मी आली आन् गेली. ह्यांना सांगू नगं." एवढं बोलून त्यांना दम लागला. मग बराच वेळ त्या नुसत्याच हसऱ्या तोंडानं श्वास गोळा करत बसल्या.

मी मूळची राहू गावची. गाडीचे रबरी भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तपासणी खात्यात होते. भाग मोजायचे, वजन करायचे, बसत नसेल तो बाजूला काढायचा आणि का काढला ते लिहायचं. आप्पांना माझ्या शिक्षणाचं नाही, पण या कामाचं फार अप्रूप. दौंडला दिलेल्या त्यांच्या लेकीपेक्षा मी लहान, तरी मला कायम मॅडम म्हणायचे आणि गल्लीत ओळख करून देताना "आमच्या कॉलिटीच्या मॅडम" असं म्हणायचे.

घराच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक खोली होती. तिथं ते एमडीएफ कापायचे. लाकडाचा बारीक चोथा आणि डिंक एकत्र दाबून केलेली ती गुळगुळीत तपकिरी फळी. देव्हारे, टीव्हीची कपाटं, स्वयंपाकघरातले दरवाजे आता सगळे त्याचेच. आप्पा त्या शीटवर टिचकी मारून म्हणायचे, "ही राखच हाय मॅडम. निस्ती जळायची राहिलीय." लाकूड कापलं की भुसा पडतो. ही फळी कापली की पीठ उडतं, आणि ते पीठ तासभर खाली बसत नाही. आप्पा भरदुपारी खिडक्या लावून अंधार करायचे आणि टॉर्च आडवा धरून त्या उजेडाच्या पट्ट्यात बघत बसायचे. आम्हाला काही दिसायचं नाही. त्यांना दिसायचं.

"दिसतो त्यो भुसा भाबडा," ते म्हणायचे. "न दिसणारा बेरकी."

दुसरं त्यांचं वाक्य होतं, "टीचभर घाई, घरभर भुसा." हे त्यांनी खडूनं पत्र्यावर लिहूनही ठेवलं होतं.

एका रविवारी त्यांनी मला काप बघायला बोलावलं. मला वाटलं पाच मिनिटांचं काम असेल. त्यांनी आधी जमिनीवर थर्माकोलचा जाड थर अंथरला आणि त्यावर अख्खी शीट झोपवली. अधांतरी धरलेली शीट कापली की शेवटी दोन्ही तुकडे लोंबतात आणि काठ फाटतो, म्हणून. मग पोलादी पट्टी लावून धारदार पात्यानं रेघ ओढली. एकदा, दोनदा, तीनदा, अगदी हलक्या हातानं. "आधी कातडी चिरायची," ते म्हणाले. "मंग करवतीला वरबाडायला काय उरत न्हाई." रेघेवर कागदी चिकटपट्टी. करवतीचं गोल पातं बारीक दातांचं, आणि ते शीटच्या खाली नखाएवढंच उतरेल असं बसवलेलं. करवतीच्या तोंडाला नळी, ती जाते एका निळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये. तिथं हवा गरगर फिरते आणि पीठ तळाला बसतं. ड्रममधून दुसरी नळी निघते ती ओढून घेणाऱ्या मशिनला, आणि मशिनची हवा भिंतीतल्या भोकातून बाहेर, ओल्या गोणपाटांतून.

आधी मशिन चालू केलं. थांबले. मग तोंडावर दोन डबड्यांचा तो मुखवटा चढवला, मलाही दिला. ॲल्युमिनियमची पट्टी टेकू म्हणून लावून करवत पुढं सरकवायला लागले, मुंगी चालते तशी. आठ फुटांचा काप संपला तरी मशिन बंद नाही. ओठ हलवत आकडे मोजत उभे. मग टॉर्च. मग काठ माझ्यापुढं धरला.

मी नख फिरवलं. कुठं अडकलं नाही. खरवसाची वडी कापावी तसा काठ होता.

"पास?" त्यांनी विचारलं.

"पास," मी म्हणाले.

तरी ते त्याच कपड्यांत घरात गेले नाहीत. मार्गशीर्षातली थंडी, अंगणातल्या नळाखाली बसून गार पाण्यानं अंघोळ केली, दोरीवर प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेले स्वच्छ कपडे घातले, आणि मगच उंबरा ओलांडला. आत खिडकीजवळच्या खाटेवर माई बसलेल्या होत्या. नाकात नळी, आणि शेजारी हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देणारं ते यंत्र घरघरत होतं.

माईंची फुप्फुसं कडक झाली होती. श्वास आत जायचा, पण फुप्फुस फुगायचं नाही.

हे सगळं मला हळूहळू कळलं, बरंचसं माईंकडूनच. आप्पा आधी कपाटं बनवणाऱ्या कंपनीत कापणी खात्यात होते. ते खातं बंद झालं तेव्हा त्यांनी घरीच काम सुरू केलं, पुढच्या पडवीत. तेव्हा ड्रम नव्हता, नळी नव्हती, मुखवटा नव्हता. दोन लाकडी घोड्यांवर शीट टाकायची, एका बाजूला आप्पा करवत घेऊन आणि दुसऱ्या बाजूला माई शीट धरून. संध्याकाळी माई पडवी झाडायच्या. उरलेले तुकडे वाया कशाला घालवायचे म्हणून अंघोळीच्या बंबात घालायच्या. "पानी लगीच तापायचं," त्या मला म्हणाल्या होत्या. "आन् घरभर गोडूस वास सुटायचा." दहाएक वर्षं असं चाललं.

मग खोकला आला. आधी सर्दीचा म्हणून, मग धुळीचा म्हणून. मग कुणीतरी क्षय ठरवला आणि सहा महिने त्याच्या गोळ्या झाल्या. शेवटी पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात यंत्रात घालून छाती बघितली. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की हे बरं होणार नाही, फक्त सावकाश वाढेल अशी आशा करू.

आप्पांनी त्यांना एकच विचारलं, "माज्या भुश्शानं झालं का?"

डॉक्टरांनी उलट विचारलं, चूल किती वर्षं? पंचवीसएक. घर हायवेला? हायवेला, रात्रंदिवस ट्रक. घरात आणखी कुणाला? माईंच्या आईलाही दम होता. मग डॉक्टर म्हणाले की नक्की कशानं झालं हे सांगता येणार नाही.

आप्पा दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. तोही तेच म्हणाला. तिसऱ्याकडे गेले तेव्हा मी सोबत होते. तो तरुण डॉक्टर कंटाळला होता. "काका, कारण कळून उपचार बदलणार नाहीत," तो म्हणाला.

बाहेर बाकावर बसून आप्पा मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या कंपनीत पार्ट रिजेक्ट झाला तर कारण लिवत्यात का न्हाई?"

"लिहितात."

"मंग मान्साचं का न्हाई लिवत?"

परतीच्या बसमध्ये माई खिडकीशी डोळे मिटून बसल्या होत्या आणि आप्पा वाघोलीपर्यंत त्यांच्याकडे बघत होते.

त्यानंतर ते अधिकच पेटले. मागच्या खोलीत एक गोल पांढरा कागद टांगायचे, त्याखाली अख्खा दिवस काप घ्यायचे आणि तो कागद स्टीलच्या डब्यात घालून माझ्याकडे द्यायचे. आमच्या प्रयोगशाळेत कणाकणाचं वजन दाखवणारा काटा होता. जेवणाच्या सुट्टीत मी तो कागद त्यावर ठेवायचे. कोऱ्या कागदाचं वजन आधीच लिहून ठेवलेलं असायचं. जास्तीचं जेवढं भरेल तेवढी हवेतली धूळ. आप्पा तीन तीनदा वजन करायला लावायचे, एकदाचा आकडा त्यांना खरा वाटायचाच नाही. मग ते नळीचा सांधा बदलायचे, ड्रमचं झाकण बदलायचे, करवतीभोवती जुन्या ट्यूबच्या रबराची झालर लावायचे, आणि पुन्हा कागद. गिऱ्हाइकाचं कामही फारसं नसायचं. कापलेल्या तुकड्यांचे देव्हारे करून गल्लीत फुकट वाटायचे. आमच्या गल्लीत मुसलमानाचं एक घर होतं, त्यांनाही त्यांनी चपलांचं कपाट करून दिलं.

एके दिवशी काटा हललाच नाही. मी कागद फिरवून, हात पुसून पुन्हा ठेवला. फरक नाही. संध्याकाळी बसमधून उतरून मी अक्षरशः पळत घरी गेले.

"आप्पा, जमलं! काट्याला धूळ सापडेना."

मला वाटलं पेढे आणतील. ते निळ्या ड्रमवर बसले. डबा उघडून कागद हातात घेतला, उजेडाकडे धरून बघितला.

"म्हंजी जमतंय," ते म्हणाले.

"जमलंच की!"

"म्हंजी तवाबी जमलं आसतं." त्यांनी एकेका वस्तूकडे बोट केलं. "ड्रम तवाबी मिळत व्हता. थर्माकोल मिळत व्हता. पट्टी, पातं, नळी, सगळं व्हतं चौकातल्या दुकानात. ह्यात नवं काय लागलं मॅडम? सांगा की."

तेव्हा मला कळलं की हा माणूस इतके दिवस काय शोधत होता. जमणारच नाही, असं कुठंतरी सिद्ध व्हावं, एवढीच त्याची आशा होती. जितकं चांगलं जमत गेलं तितका तो अडकत गेला.

आता दुसऱ्यांना शिकवायचं, हे त्यानंतर डोक्यात आलं. गावातल्या चाकण चौकापासून पाबळ फाट्यापर्यंत जिथं जिथं नव्या इमारतींत सुतारकाम चालू होतं तिथं ते चालत गेले आणि कारागिरांना अमावास्येचं बोलावणं दिलं, कारण अमावास्येला त्यांची सुट्टी असते. मी पोहे केले. माईंनी खाटेवर बसल्या बसल्या कोथिंबीर निवडून दिली. सात-आठ जण आले. दोन ठेकेदार, बाकीचे उत्तर प्रदेश, राजस्थानकडचे कारागीर. चांगली माणसं होती. चपला बाहेर काढून आली.

आप्पांनी जमिनीवर काळं कापड अंथरलं आणि त्यावर शीट. ओठ हलवत सगळं रोजच्यासारखं केलं. काप झाला, शीट उचलली. कापड काळंच्या काळं. कुणीतरी "वा" म्हणालं. एका कारागिरानं वाकून कापडावरून बोट फिरवलं आणि दुसऱ्याला दाखवलं.

मग ठेकेदारानं विचारलं, "आप्पा, एका कापाला एवढा टाइम?"

"मांडामांड धरून पाऊण तास."

सगळे हसले. त्यात वाईटपणा नव्हता. एक कारागीर, तिशीचा, हसत म्हणाला, "चाचा, इतने में तो हम आधा किचन खड़ा कर देते हैं."

"आन् तुजी छाती?" आप्पा म्हणाले. "छाती का क्या?"

"मुँह पे गमछा बाँध लेते हैं."

आप्पा त्याच्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा आधीच केसांविना उघडावाघडा, तो लाल होत गेला. ते वळले आणि तरातरा घरात गेले. मला वाटलं राग गिळायला गेले असतील. ते परत आले तेव्हा त्यांनी माईंना दंडाला धरून आणलं होतं. दुसऱ्या हातात ऑक्सिजनची लहान टाकी, दवाखान्यात जाताना न्यायची ती. माईंच्या डोक्यावरून पदर सरकला होता. नाकात नळी, पायात चप्पल नाही.

"ह्ये बघा," आप्पा म्हणाले. "हिच्याकडं बघा. ह्ये गमछ्यानं थांबत न्हाई. माजी बायको हाय ही. मी कापत व्हतो, ही धरत व्हती. बघा नीट."

कुणी बघेना. सगळ्यांनी माना खाली घातल्या. तो हसलेला कारागीर पुढं आला, माईंच्या पायांना हात लावला आणि "अम्मा, माफ़ करना," असं म्हणाला. माईंनी पदर डोक्यावर घेतला. त्यांचे ओठ निळसर झाले होते. मी त्यांना धरून आत नेलं.

पोहे तसेच राहिले. माणसं एकेक करून गेली. मुखवटा कुठं मिळतो, ड्रमचं झाकण कसं बसवायचं, कुणी विचारलं नाही. आठवड्याभरानं मी बसमधून बघितलं, समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून पांढरं पीठ खाली उतरत होतं आणि त्यात माणसं उभी होती.

आप्पांना आपण काय केलं हे त्या दिवशी कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे माईंच्या खाटेपाशी चहा घेऊन बसले. मी कामावर निघताना चावी द्यायला दारात उभी होते. आप्पांनी त्यांचा तो रोजचा प्रश्न विचारला. रोज म्हणजे खरंच रोज. डॉक्टर सांगेनात तेव्हापासून ते माईंनाच विचारायचे, "तुला काय वाटतं? माज्यामुळंच ना?" आणि माई रोज म्हणायच्या, "न्हाई वं. चुलीमुळं. नशिबामुळं. च्या प्या."

त्या दिवशी माई म्हणाल्या, "व्हय."

आप्पांचा हात कपावरच राहिला.

"व्हय, तुमच्यामुळंच," माई म्हणाल्या. दम लागत होता, तरी एकेक शब्द सुटा सुटा काढून बोलल्या. "झालं समाधान? आता नगा इचारू."

आप्पांनी परत कधी विचारलं नाही. मागच्या खोलीत जाणंही कमी झालं. तासन् तास खाटेच्या पायाशी बसून राहायचे. माई कामापुरतं बोलायच्या, पाणी द्या, उशी सरकवा. आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून त्यांना बसूनच झोपावं लागायचं. आप्पांनी त्यांच्यासाठी पाठीला टेकायची एक तिरकी फळी केली. तसा काप मी त्यांचा कधी बघितला नव्हता. कडा गोल केलेल्या, सगळीकडून रंग देऊन भुश्शाचा कण बाहेर येणार नाही अशी बंद केलेली. ती घेऊन ते खाटेशी आले.

"ती फळी माज्या अंगाला लावू नगा," माई म्हणाल्या.

फळी भिंतीशी उभी राहिली. माई उशांवर टेकत राहिल्या, उशा सरकत राहिल्या.

एका सुट्टीच्या दुपारी आप्पा औषधं आणायला गेले होते आणि मी माईंचे केस विंचरत होते. मी धीर करून विचारलं, "माई, तुम्ही तसं का म्हणालात? खरंच त्यांच्यामुळं?"

"मी काय डाक्टर हाय?" त्या म्हणाल्या. "रोज इचारायचे. रोज न्हाई म्हणायला बी दम लागतो पोरी. देऊन टाकलं येकदाचं."

"मग सांगा ना त्यांना. रागात बोलले म्हणून."

माईंनी नाकातली नळी सारखी केली.

"मी शीट धरायची," त्या म्हणाल्या. "तवाच खोकला सुरू झालता. खोकला आला की हात हलायचा. ह्ये वर बी बघायचे न्हाईत. हलू नगं म्हणायचे. रेघ चुकंल म्हणायचे." थांबून श्वास घेतला. "भुसा काय, समद्यांच्या घरात आसतो. पन तेवढं मला जात न्हाई डोक्यातनं. त्यांना नगं सांगू. त्यांना याद बी नसंल."

मी वेणी घालून दिली. आप्पा औषधं घेऊन आले, आणि बाहेर हातपाय धुऊन आत आले.

फाल्गुनात माई गेल्या. दुपारी, मी कंपनीत असताना. आप्पा पायाशी बसलेले होते. शेजारची बाई म्हणाली, शेवटी माईंनी आप्पांकडे बघितलं, पण बोलायला श्वासच नव्हता. काही बोलायचं होतं का, आणि काय, ते कुणालाच कळलं नाही. यंत्र बराच वेळ चालू होतं, ते बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

तेरावा झाला आणि लेक त्यांना दौंडला घेऊन गेली. जावई रेल्वेत, घर स्टेशनच्या पलीकडं. खालचं घर बंद, मागच्या खोलीला कुलूप. मी वर एकटी. महिन्याभरानं लेकीचा फोन आला.

"आप्पा जेवत न्हाईत वं ताई. दोन घास कसंबसं. डाक्टर म्हणतो, काय रोग न्हाई. तुमाला काय तरी इचारायचंय म्हणत्यात, आमाला सांगत न्हाईत. येता का?"

रविवारी मी निघाले. तळेगाव ढमढेऱ्यावरून न्हावरा, तिथून चौफुला, मग दौंड. तीन गाड्या बदलल्या. सगळ्या वाटेत मला वाटत होतं की त्यांना कागदाच्या वजनाचं काही विचारायचं असेल.

ते गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. निम्मे झाले होते. मला बघून उठायला लागले, मी बसवलं. लेक आत गेली. खालून मालगाडी जात होती. ती पूर्ण गेल्यावर ते बोलले.

"मॅडम, ती तुमच्याशी बोलायची."

"हो, आप्पा."

"शीट धरायला ती आसायची. तिला खोकला यायचा. शीट हलायची." त्यांनी दोन्ही पंजे समोर धरले, शीट धरल्यासारखे. "मी म्हणायचो, हलू नगं. रेघ चुकंल."

माझी नजर त्या पंजांवर होती.

"रोज न्हाई. पन म्हणायचो. किती येळा त्ये आठवत न्हाई. भुश्शाचं मी समद्यांना इचारलं, ह्ये कुनालाच इचारलं न्हाई." त्यांचे पंजे अजून तसेच होते. "तुमच्यापाशी कधी बोलली का? तिला आठवत व्हतं का त्ये?"

"नाही," मी म्हणाले. "असं कधीच काही बोलल्या नाहीत."

मी वाट बघत राहिले. डॉक्टर तीन केले, एकेका कागदाचं वजन तीन तीनदा करायला लावलं, असा माणूस. तो पुन्हा विचारणार, माझ्या तोंडाकडे नीट बघून विचारणार, म्हणून मी तेच वाक्य मनात धरून बसले होते.

त्यांनी विचारलं नाही. पंजे मांडीवर ठेवले. "बरं," म्हणाले. थोड्या वेळानं आत तोंड करून लेकीला हाक मारली, "च्या टाक गं. आन् खायला काय आसंल तर दे. मॅडम लांबनं आल्यात."

लेक घाईघाईनं चहा आणि चपाती घेऊन आली. आप्पांनी चपाती चहात बुडवून खाल्ली, अख्खी. लेक दारात उभी राहून डोळे पुसत माझ्याकडे बघून हसत होती. माझा कप माझ्या हातात गार होत होता.